समुद्रकाठचे स्वस्त घर

चांदनीहून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. गृहस्थ शेतकरी आहेत. दोन एकर केळी व थोडी कोरडवाहू जमीन एवढाच त्यांचा संसाराचा आधार. थोरल्या मुलाने बुऱ्हाणपुरास राहून फिटरचे काम शिकून घेतले व तो गेल्या वर्षापासून मुंबईस अंधेरीच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. तेथे तो पाच सोबत्यांबरोबर एका खोलीत राहतो. पत्नी व दोन लेकरे गावी आहेत. आता सर्वांस घेऊन वसई-विरारला बिऱ्हाड थाटावे असे त्याच्या मनाने घेतले आहे. समुद्रकाठचे शहर, मुंबईच्या मानाने स्वस्त घर, गाडीने तासाभरात काम, आणि रविवारची मिस्सा मराठीत, अशी त्याची चार कारणे आहेत. वडिलांचा प्रश्न एकच आहे: घराच्या पहिल्या रकमेसाठी जमीन विकावी काय?

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. मुलाने बिऱ्हाड अवश्य करावे. नवराबायकोने वर्षानुवर्षे पाचशे किलोमीटरच्या अंतराने राहणे हे कुटुंब म्हणवत नाही. परंतु जमीन विकू नये, आणि निदान पहिली दोन वर्षे घर विकत न घेता भाड्याने घ्यावे. असे का म्हणतो ते आता क्रमाने, किंवा जमेल तसे, मांडतो.

चांदनीच्या लोकांस पोटासाठी स्थलांतर ही काही नवी गोष्ट नव्हे. फरक इतकाच की पूर्वी माणसे तिकडून निघून जात नसत, तिकडे येत असत. शेजारच्या नेपानगरची कथा आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. १९४७ साली वृत्तपत्री कागदाची कंपनी स्थापन झाली, जंगलाच्या कडेला कारखाना उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. पुष्कळ वर्षे वृत्तपत्राचा कागद तयार करणारा देशातील तो एकमेव कारखाना होता. गावाला नाव मिळाले तेही कारखान्यावरून. खानदेशातून, वऱ्हाडातून, निमाडातून माणसे आली, वसाहतीत राहिली, पोरे शिकली. पुढे दिवस पालटले. २०१६ साली नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले ते २०२२ साली पुन्हा सुरू झाले. पण नव्या यंत्रांस पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत. ज्या घरातील आजोबा सायकलवरून कामावर जात, त्या घरातील नातू आज भुसावळकडे तोंड करून फलाटावर उभा राहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि तो जातो तरी कोठे? तापीच्याच काठाने खाली गेले तर सुरत आहे, आणि खानदेशातील हजारो मराठी कुटुंबे उधना-लिंबायत भागांत कधीच स्थायिक झाली आहेत. तेही नदीकाठचे शहर, तेही स्वस्त. आणि तेथे काम हाकेच्या अंतरावर मिळते. परंतु आमच्या वाचकाच्या मुलाची नोकरी मुंबईची आहे, सबब आपण वसईचाच विचार करू.

वसईचे नाव आपल्या कानांस गोड लागते याचे कारण उघड आहे. १५३४ च्या तहाने तो प्रांत पोर्तुगीजांकडे गेला व दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला तेव्हा पोर्तुगीज निघून गेले. परंतु तेथले भूमिपुत्र ख्रिस्ती लोक आपल्या वाडीत, आपल्या विहिरीपाशी, आपल्या मराठी बोलीसह राहिले. आजही पापडी, माणिकपूर, गास, नंदाखाल येथील ख्रिस्तमंदिरांत मराठीतून उपासना होते. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ह्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि चर्चमध्येही बहुधा हिंदी अशा तऱ्हेने वाढलेल्या आपल्या मुलांस तेथे घरची भाषा सर्वत्र ऐकू येईल, ही लहान गोष्ट नाही. कुपारी लोकांची सामवेदी बोली मात्र पहिले काही महिने कळणार नाही. घाबरू नये, पुण्याच्या माणसालाही ती कळत नाही.

दुसरे एक साम्य आम्हांस फार आवडते, म्हणून जाता जाता सांगतो. बुऱ्हाणपूरचा मुलूख केळीचा, तसाच पश्चिम वसईचाही. तेथे राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करतात. सोनेरी, चिकट आणि मधासारखी गोड. ह्या धंद्यात आज फार थोडी घरे उरली आहेत.

परंतु येथेच आमच्या वाचकाच्या मुलाने नीट डोळे उघडून पाहावयास हवे. ज्या वसईचे चित्र त्याच्या मनात आहे, ती बागा, विहिरी, चर्च आणि समुद्राची वसई रेल्वेच्या पश्चिमेस आहे. स्वस्त घरे आहेत ती बहुतेक पूर्वेस: नालासोपारा पूर्व, विरार पूर्व, नायगाव पूर्व आणि वसई पूर्वेच्या टेकड्यांखाली. भुईगाव, राजोडी, अर्नाळा येथील किनारा तेथून काही किलोमीटर दूर, रूळ ओलांडून पलीकडे. रविवारी मुलांस घेऊन जाता येईल, खरे. पण खिडकीतून समुद्र दिसणार नाही. दिसेल ती समोरच्या इमारतीची खिडकी. पाण्याची जवळीक भासेल ती पावसाळ्यात. २०१८ च्या जुलैत ह्या भागात इतके पाणी भरले की गाड्या बंद पडल्या आणि मिठागरांवर अडकलेल्या माणसांस बाहेर काढण्याची वेळ आली. खाडी, दलदल आणि मिठागरे ही पूर्वी पावसाचे पाणी सामावून घेत; त्यांपैकी पुष्कळ जागा भरून तेथे वस्ती झाली आहे. म्हणून घर पाहावयाचे ते जुलैत पाहावे. एप्रिलात दाखवलेले घर आणि जुलैतले घर ही दोन निरनिराळी घरे असतात. पिण्याचे पाणी किती दिवसांआड व किती वेळ येते, टँकर मागवावा लागतो काय, हे दलालास न विचारता जिन्यात भेटणाऱ्या गृहिणीस विचारावे.

आता गाडीचे गणित. विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी १८६७ साली धावली, दिवसाकाठी एक. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. आज चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरचे अंतर सकाळ-संध्याकाळ ज्या गर्दीने भरून वाहते तिचे वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. मुलगा तासाभरात पोहोचतो म्हणतो तो गाडीचा वेळ झाला. घरापासून स्टेशनापर्यंत रिक्षाची रांग, फलाटावर सोडून द्याव्या लागणाऱ्या एक-दोन गाड्या, अंधेरीस उतरल्यावर कारखान्यापर्यंतची चाल, हे सर्व धरले तर जाण्यायेण्यास साडेतीन तास सहज लागतात. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरा. हजारावर तास झाले, म्हणजे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अहोरात्र. दर वर्षी एवढे आयुष्य उभ्याने जाते. घराच्या भावात ही किंमत कोणी लिहीत नाही. आणि ही उभ्याने जाणारी माणसे सर्वच घरी परततात असेही नाही: मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२४ साली दोन हजारांहून अधिक माणसांस मृत्यू आला. रूळ ओलांडताना आणि दारातून पडून, ही त्यांतील मोठी कारणे. सुनेने नवऱ्यास एकच शपथ घालावी, की गाडी चुकली तर चुकू दे, पण रूळ ओलांडून जायचे नाही.

तरीही साडेतीन तास गाडीत घालवून रात्री नऊला घरी येणारा बाप, वर्षातून दोनदा नाताळला व होळीला घरी येणाऱ्या बापापेक्षा बरा, असे आम्हांस वाटते. शिवाय नोकरी मुंबईतच हवी असा काही नियम नाही. वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे येथे लहानमोठ्या कारखान्यांच्या वसाहती आहेत. फिटरला तेथे काम मिळण्यासारखे असते. पगार थोडा कमी असेल. उत्तरेकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत जातात, त्या सकाळी गर्दीच्या उलट दिशेने. मुलाने बिऱ्हाड केल्यावर सहा महिने ह्या दृष्टीने अवश्य चौकशी करावी. पगारात दोन हजार कमी घेऊन दिवसाचे तीन तास परत मिळत असतील तर आम्ही तो सौदा करू.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. स्वस्त घर स्वस्त का असते?

कधी ते लांब असते म्हणून, कधी लहान असते म्हणून. आणि वसई-विरारमध्ये कधी कधी ते कायद्याने अस्तित्वातच नसते म्हणून. नालासोपारा पूर्वेस अग्रवाल नगरी भागात एकेचाळीस इमारती अशा उभ्या होत्या. जागा राखीव होती ती सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी व कचऱ्यासाठी. लोकांनी तेथे पैसे भरून घरे घेतली, संसार मांडले, भिंतीवर प्रभूच्या तसबिरी लावल्या असतील, देव्हारे मांडले असतील. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या सर्व इमारती पाडण्यात आल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांचा अपराध कोणता? कागद न वाचता विश्वास ठेवला हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या विजयनगरात एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून सतरा जण मृत्युमुखी पडले. ती इमारत काही शंभर वर्षांची नव्हती. जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती.

गावाकडील माणूस येथे फसतो तो एका समजुतीपायी. ‘दस्ताची नोंदणी झाली आहे, सरकारी शिक्का आहे, मग काय पाहावयाचे?’ असे त्याला वाटते. वस्तुतः दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील नोंदणी दोन माणसांमधील व्यवहाराची असते; इमारतीस परवानगी आहे असे तो शिक्का सांगत नाही. वीजजोडणी आहे, घरपट्टीची पावती आहे, ह्यांवरूनही इमारत अधिकृत ठरत नाही. पाहावयाचे ते निराळेच कागद. जमिनीचा सातबारा व ती बिनशेती झाल्याचा आदेश. महानगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा व बांधकाम सुरू करण्याचा परवाना. आणि इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. मे २०१७ पासून नव्या प्रकल्पांस महारेराकडे नोंदणी आवश्यक झाली आहे. त्यातही एक मेख आहे: खोट्या परवानग्या व खोटे दाखले तयार करून इमारती विकल्याची प्रकरणे ह्या भागात उघडकीस आलेली आहेत. म्हणून बिल्डरने दाखवलेल्या झेरॉक्सवर न विसंबता, त्यावरील क्रमांक घेऊन महानगरपालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारावे. एक दिवसाची रजा खर्ची पडेल. आयुष्याची पुंजी वाचेल.

आणखी एक खूण अनुभवी लोक सांगतात ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या घरावर कोणतीही चांगली बँक कर्ज देण्यास तयार होत नाही, त्या घरात काहीतरी पाणी मुरते आहे असे समजावे. वसईत तर आपल्याच लोकांनी १९१८ साली उभी केलेली बसीन कॅथॉलिक सहकारी बँक आहे. कर्ज घ्यावयाचे नसले तरी ह्या इमारतीवर कर्ज मिळते काय एवढे तेथे विचारण्यास काहीच पडत नाही. ‘बँकेची भानगड नको, रोख द्या, भाव आणखी उतरवतो’ असे म्हणणारा माणूस आपल्यावर उपकार करीत नसतो.

ह्या सर्व कारणांसाठी आम्ही भाड्याचे घर सुचवतो. करार अकरा महिन्यांचा होतो. तो तोंडी न ठेवता नोंदवून घ्यावा आणि अनामत रकमेची पावती घ्यावी. दोन पावसाळे पाहिले म्हणजे कोणती गल्ली बुडते, कोणत्या इमारतीस पाणी येते, कोणत्या शाळेत मास्तर शिकवतात, हे न विचारता समजते.

आता जमीन. चांदनीच्या परिसरातील आपली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आदिवासी आहेत. आमचे पत्रलेखक त्यांतले आहेत किंवा नाहीत हे त्यांच्या पत्रावरून कळत नाही, पण गोष्ट सर्वांच्या उपयोगाची आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर कडक निर्बंध आहेत. अधिसूचित क्षेत्रांत ती विकताच येत नाही, आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘कागद मागाहून करू, आधी ताबा द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक अशा वेळी हमखास भेटते, आणि अर्ध्या किमतीत जमीन जाते.

त्याहून कमी लोकांस ठाऊक असलेली गोष्ट जातीच्या दाखल्याची. राज्य बदलले म्हणजे जमात बदलत नाही, परंतु सवलत बदलते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली, मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात, असा निर्णय दिला की एका राज्यातील अनुसूचित जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात राहावयास गेला तर त्या दुसऱ्या राज्यातील राखीव जागांवर त्यास हक्क सांगता येत नाही; जमातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरीसुद्धा. कोरकू मध्य प्रदेशच्या यादीत आहेत आणि महाराष्ट्राच्याही. तरी चांदनीच्या कोरकू मुलास महाराष्ट्र सरकारच्या महाविद्यालयात वा नोकरीत त्या दाखल्याचा लाभ मिळणार नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथे मूळ राज्याचा दाखला चालतो. ज्या घरात दहावी-बारावीचे हुशार मूल आहे त्या घराने हा हिशेब आधी करावा. त्याचे शिक्षण होईपर्यंत त्याने आजी-आजोबांकडे राहून तिकडचीच परीक्षा द्यावी हे कित्येकदा शहाणपणाचे ठरेल. आमच्या वाचकाची नातवंडे लहान आहेत, म्हणून त्यांस घाई नाही. परंतु गावचा पत्ता, जमिनीचा उतारा आणि दाखल्याचे मूळ कागद ही उद्याची शिदोरी आहे. दोन एकर केळी म्हणजे केवळ दोन एकर केळी नव्हे, ती ह्या मुलांच्या ओळखीचा पुरावा आहे. भाड्याने द्या, बटाईने द्या, विकू नका. शिधापत्रिकेची चिंता करू नये. अन्नसुरक्षा योजनेतील पत्रिकेवर आता दुसऱ्या राज्यातही धान्य मिळते, आधार जोडलेले असावे लागते इतकेच.

वसईकरांविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज आमच्याने राहवत नाही. आपण ज्यास स्वस्त घर म्हणतो त्याच्या पायाखाली कोणाचे तरी भातशेत होते. १९९० नंतर ह्या पट्ट्यात बांधकामास मोकळीक मिळाली. हरित वसईसाठी फादर दिब्रिटोंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चळवळ केली ती ह्याच वेळी. २००९ साली चार नगरपरिषदा व त्रेपन्न गावे मिळून महानगरपालिका झाली तेव्हा पश्चिमेकडील गावांनी ‘आम्हांस शहर नको’ म्हणून आंदोलन केले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. इतकी माणसे आली म्हणजे विहिरीचे पाणी खोल जाणारच, टँकर भरून पाणी जाणारच, आणि जुन्या रहिवाशाच्या कपाळावर आठी पडणारच. चर्चमध्ये पहिल्या रविवारी कोणी हसून विचारपूस केली नाही तर मनास लावून घेऊ नये. सहाव्या रविवारी करतील. सुनेने वाडीतील महिला मंडळात जावे, मुलाने सणाच्या मांडवात खुर्च्या उचलाव्यात. वसईचा माणूस बोलण्याने नव्हे, कामाने ओळख धरतो असा आमचा अनुभव आहे.

खुद्द वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही घर सोडून गेलेलेच होते. कोवळ्या वयात ते जपानला गेले, पुढे व्यापार केला, मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून राहिले, भाषा येत होती म्हणून दुभाषे होऊन जपानला परतले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस क्रुसावर गेले. १८६२ साली ते संतपदास चढले. परक्या गावी भाषा शिकून घेणाऱ्या आमच्या तरुणांनी त्यांची आठवण ठेवावी.

निघण्यापूर्वी करावयाची कामे थोडी आहेत. शाळा सोडल्याचे दाखले वर्ष संपल्यावर एप्रिलात घ्यावेत, मध्येच नव्हे. नवरा-बायको व मुले ह्या सर्वांचे स्नानसंस्काराचे दाखले, विवाहाचा दाखला आणि आपल्या धर्मगुरूंचे ओळखपत्र बरोबर असावे. नव्या धर्मग्रामात प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी व पुढे लग्नाच्या वेळी त्यांची गरज पडते आणि ऐन वेळी टपालाने मागवताना महिने जातात. प्रवासास मुंबईपर्यंत जाण्याचे कारण नाही. बुऱ्हाणपुराहून येणाऱ्या गाडीने कल्याणला उतरावे, तेथून लोकलने दिवा, आणि दिव्याहून वसई रोडकडे जाणारी गाडी धरावी. ह्या गाड्या थोड्या आहेत, म्हणून वेळ आधी विचारून ठेवावी. सामान व लेकरे असताना दादरचा पूल चढण्यापेक्षा दिव्याच्या फलाटावर तासभर बसणे केव्हाही सोयीचे.